चित्रातल्या बाईला विचारलं होतं का?

मी प्रदर्शनाला गेले की आधी पाटी वाचते. लोक चित्रकाराचं नाव शोधतात, मी चित्रातल्या माणसाचं शोधते. बहुतेकदा ते नसतंच. ‘बसलेली स्त्री’, ‘लाल शालीतली मुलगी’, ‘वृद्ध कोळी’. शालीचा रंग कळतो, पोरीचं नाव काही कळत नाही.

ही खोड धंद्यामुळे लागली. मी मॉडेल म्हणून बसते. कलाशाळेत, कधी एखाद्या चित्रकाराच्या स्टुडिओत. पोर्ट्रेटला बसते, न्यूडलाही बसते. ज्यांच्या भुवया आत्ता वर गेल्या त्यांनी त्या तशाच ठेवाव्यात, पुढे अजून कामाला येतील.

बसण्याचं काम बाहेरून फार सोपं दिसतं. प्लॅटफॉर्मवर टाचेभोवती, तळव्याखाली, मांडीच्या कडेने खडूच्या रेघा मारतात, म्हणजे ब्रेकनंतर अंग पुन्हा त्याच जागी ठेवता येतं. आधी पायाची बोटं बधिर होतात, मग कमरेतला एकच बिंदू ठणकायला लागतो, आणि उरलेला वेळ त्या बिंदूशी बोलण्यात जातो. हीटर एका अंगाला असतो, त्यामुळे एक कूस भाजते आणि दुसरी गारठते. मान हलवायची नाही, नजर ठरलेल्या जागी. कान मात्र मोकळे. या कानांच्या जोरावर मी कलेचं निम्मं शिक्षण फी न भरता घेतलं आहे.

अशीच एक लाँग पोझ चालू असताना मुलांमध्ये वाद पेटला. कोणी कोणाला चितारावं? एक मुलगा म्हणाला, पुरुषाने बाईचं चित्र काढणं ही मुळातच हिंसा आहे. एका मुलीने त्याला झापलं, मग काय निम्मी संग्रहालयं रिकामी करायची का? तिसऱ्याने कुठल्याशा विचारवंताचं नाव घेतलं. वाद छान रंगला होता, सगळे मनापासून बोलत होते, आणि एकाचाही चारकोल थांबला नव्हता. जिचं चित्र निघत होतं अशी त्या खोलीत एकच बाई होती. तिला विचारावं असं कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि तिला मध्ये तोंड घालता येत नव्हतं, कारण पोझ मोडली असती.

समकालीन कलेत गेली काही वर्षं ही जी भांडणं चालू आहेत, अमक्याचं दुःख तमक्याने रंगवावं का, ती वाचताना मला हीच खोली आठवते. बोलणं सगळं चित्रकाराबद्दल. त्याचा वर्ण, त्याचं लिंग, त्याचा हेतू, त्याचं स्वातंत्र्य. समीक्षक एका बाजूला, संग्रहालय दुसऱ्या, आणि मधोमध चित्रातलं माणूस पोझ धरून. माझा प्रश्न त्याहून बाळबोध आहे. त्या माणसाला नाही म्हणायची सोय होती का? नुसती बसायलाच नव्हे, तर शीर्षकाला, भिंतीवर लावायला, विकायला? आणि ब्रश धुऊन झाल्यावर ती सोय शिल्लक राहिली का?

२०१९ मध्ये पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात एक मोठं प्रदर्शन झालं, जेरिकोपासून मातीसपर्यंतच्या फ्रेंच चित्रकारांच्या चित्रांमधल्या कृष्णवर्णीय मॉडेल्सबद्दल. तिथे मारी-गियमिन बन्वा या चित्रकर्तीचं १८०० सालचं एक गाजलेलं चित्र होतं. डोक्याला पांढरं वस्त्र, एक छाती उघडी, नजर थेट बघणाऱ्यावर. पॅरिसच्या ‘सलोन’ या सरकारी प्रदर्शनात ते पहिल्यांदा लागलं तेव्हा त्याचं नाव ‘एका निग्रो बाईचं चित्र’ अशा अर्थाचं होतं. ऑर्सेच्या पाटीवर ते ‘मादलेनचं चित्र’ झालं. मादलेन ही ग्वादलूप या फ्रेंच वसाहतीच्या बेटावर गुलाम होती, चित्रकर्तीच्या दिराबरोबर फ्रान्सला आली. फ्रान्सने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली होती, म्हणजे ती बसली तेव्हा कागदोपत्री मोकळी होती. १८०२ मध्ये नेपोलियनने वसाहतींमध्ये गुलामगिरी परत आणली. तेवढ्या आठ वर्षांच्या फटीत हे चित्र झालं.

मी ते पुस्तकात बराच वेळ बघितलं. सुंदर आहे, प्रश्नच नाही. आणि नाव परत मिळालं याचा मला आनंदच आहे. पण नाव कळलं म्हणून परवानगी होती की नाही ते कळत नाही. घरातल्या कामवालीला घरच्या बाईसाहेबांनी सांगितलं, जरा बस गं, खांद्यावरून कापड खाली घे. कोणती कामवाली नको म्हणते? चित्र स्त्रीने काढलेलं आहे, हे माझ्या त्या वर्गातल्या मुलाला सांगावंसं वाटलं होतं. चित्रकार बाई असल्याने खोलीतलं तापमान फार बदलत नाही.

मॉडेल असण्याने माझं जे काही नुकसान झालं ते अगदी किरकोळ आहे, पण सांगते, कारण मुद्दा तिथूनच सुचला. एका चित्रकारांकडे मी बरेच दिवस बसत होते. गुडघे पोटाशी, हनुवटी गुडघ्यावर, केस मोकळे. माणूस सज्जन, वेळेवर पैसे, मध्ये चहा. पुढे त्यांचं प्रदर्शन लागलं, मी गेले. माझं चित्र समोरच्याच भिंतीवर होतं आणि खाली पाटी: ‘परित्यक्ता’. बाजूला दोन परिच्छेद, समाजाने नाकारलेल्या स्त्रीच्या मूक आक्रोशाबद्दल. मी तेव्हा कोणाचीच परित्यक्ता नव्हते. मूक होते, कारण पोझमध्ये बोलत नाहीत.

मी त्यांना विचारलं, “सर, ही परित्यक्ता कोण?”

“अहो, ती तुम्ही नाही हो. ते एक प्रतीक आहे.”

“पण पाठ माझी आहे.”

ते हसले, मीही हसले. एक बाई त्या चित्रासमोर उभी राहून डोळे टिपत होती. तिला जाऊन सांगावं असं वाटलं की काळजी करू नका, हिचं बरं चाललंय. चित्र विकलं गेलं. ते कोणाच्या घरी आहे मला माहीत नाही, पण तिथे मी टाकलेली बाई आहे आणि कायमची आहे.

आता याच्याशेजारी लुसियन फ्रॉइड या ब्रिटिश चित्रकाराचं एक चित्र ठेवून बघा. १९९५ सालचं, फाटक्या फुलाफुलांच्या सोफ्यावर झोपलेली एक अतिशय स्थूल नग्न बाई. पोटाच्या वळ्या, सोफ्यात दबलेला दंड, सगळं निर्दयपणे रंगवलेलं. गोंडस करायचा प्रयत्न कुठेही नाही. बाईचं नाव सू टिली. सरकारी रोजगार कार्यालयात ती भत्त्यांच्या कामावर देखरेख करायची, आणि चित्राचं नावही तेच आहे, ‘झोपलेली बेनिफिट्स सुपरवायझर’. फ्रॉइडने तिच्या अंगावरचे सगळे कपडे काढले पण नोकरी ठेवली. मला हे शीर्षक फार आवडतं. कोणाची करुणा नाही, कसलं प्रतीक नाही. ही बाई सोमवारी कामावर जाते, आज दमून झोपली आहे. दिवसाचे वीस पौंड मिळायचे असं तिनेच सांगितलेलं आहे. २००८ मध्ये ते चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ३६ लाख डॉलरना गेलं, हयात चित्रकाराच्या कामाला तोवर मिळालेली सर्वांत मोठी किंमत. टिलीने त्यावर गळा काढला नाही. मुलाखती दिल्या, थट्टा केली, पुढे स्वतः चित्रंही काढू लागली. या हिशेबात अन्याय आहे असं मला वाटतं. तिला तो जाचला नाही, आणि तिच्या वतीने मी जाचून घेणं हासुद्धा एक प्रकारचा आगाऊपणाच होईल.

बाईमाणसाच्या कपड्यांचा विषय निघालाच आहे तर गरिला गर्ल्स या स्त्री कलाकारांच्या निनावी गटाचं ते जुनं पोस्टर सांगून टाकते. १९८९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली चित्रं मोजली. आधुनिक कलेच्या विभागात स्त्री कलाकार पाच टक्क्यांहून कमी, आणि न्यूड्सपैकी ८५ टक्के बायकांच्या. २०१२ मध्ये पुन्हा मोजलं तर कलाकार बायका चार टक्क्यांहून कमी, न्यूड्स ७६ टक्के. म्हणजे तेवीस वर्षांत थोडे पुरुष उघडे झाले, एवढीच काय ती प्रगती.

पण खरा गुंता जिवंत मॉडेलचा नसतोच. माझ्यासारखी बाई निदान उठून जाऊ शकते. मेलेलं माणूस काय करणार?

२०१७ च्या व्हिटनी बिएनालेत, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या समकालीन कलेच्या प्रदर्शनात, डेना शुट्झ या गोऱ्या चित्रकर्तीचं ‘ओपन कास्केट’ हे चित्र लागलं. चित्रात एमेट टिल. १९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीत एका गोऱ्या बाईशी आगळीक केल्याच्या आरोपावरून या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला ठार मारून नदीत टाकलं होतं. त्याची आई, मेमी टिल, हिने शिकागोत अंत्यविधीच्या वेळी शवपेटी उघडी ठेवायला लावली. हजारो लोकांनी तो चेंदामेंदा झालेला चेहरा पाहिला, ‘जेट’ मासिकाने फोटो छापला. मारेकरी निर्दोष सुटले, नंतर त्यांनीच पैसे घेऊन मासिकाला कबुली दिली.

बिएनाले उघडली आणि पार्कर ब्राइट हा तरुण कलाकार चित्रासमोर पाठ करून उभा राहिला, म्हणजे लोकांना चित्र नीट दिसू नये. हॅना ब्लॅक या कलाकार-लेखिकेने खुलं पत्र लिहिलं, चित्र भिंतीवरून उतरवा आणि नष्ट करा. लगेच दुसरी फळी उभी राहिली. कोको फुस्को या कलाकार-लेखिकेने नष्ट करण्याच्या मागणीवर सडकून टीका केली. शुट्झ म्हणाली, मीही आई आहे, आणि हे चित्र मी विकणार नाही. संग्रहालयाने पाटीचा मजकूर बदलला, चित्र शेवटपर्यंत भिंतीवर राहिलं.

दोन्ही बाजूंचं मी भरपूर वाचलं. चित्र जाळा म्हणणाऱ्यांबरोबर मी नाही. चित्रं जाळण्याची सवय ज्यांना लागते ते पुढे कोणाची जाळतील याचा नेम नसतो. पण शुट्झच्या बाजूने बोलणारे कल्पनाशक्तीच्या स्वातंत्र्याबद्दल बोलत राहिले आणि एक साधी गोष्ट सगळ्यांच्या हातून निसटली असं मला वाटतं. एमेटच्या चेहऱ्याचं चित्रण कोणी करायचं, कसं करायचं, हे ठरवलेलं होतं. ते त्याच्या आईने ठरवलं होतं. पोराचा चेहरा कोणी नीटनेटका करून ठेवू नये, जसा आहे तसा लोकांनी बघावा, हा तिचा निर्णय. फोटोग्राफरला आत तिने येऊ दिलं. त्या प्रतिमेची खरी कर्ती तीच. मुलगा नाही म्हणू शकत नव्हता, त्याच्या वतीने ‘बघा’ असं म्हणणारी एक बाई होती आणि तिने ते स्पष्ट म्हटलं होतं. साठ वर्षांनी शुट्झने त्या चेहऱ्याच्या जागी रंगाचे जाड थर आणि मोठाले फटकारे ठेवले. आईने जे उघडं केलं ते रंगाने पुन्हा झाकलं गेलं. माझा आक्षेप चित्रकर्तीच्या कातडीच्या रंगाला कमी आणि या झाकण्याला जास्त आहे. काळ्या चित्रकाराने अगदी असंच काढलं असतं तरी मला ते खटकलं असतं. कमी खटकलं असतं, हे खरं आहे, तेही लिहून ठेवते.

त्याच वर्षी मिनियापोलिसला जे झालं ते मला जास्त शिकण्यासारखं वाटतं, पण त्याचा गवगवा तुलनेने कमी झाला. सॅम ड्युरँट या अमेरिकन कलाकाराने ‘स्कॅफोल्ड’ नावाचं दुमजली लाकडी बांधकाम केलं होतं. अमेरिकेच्या इतिहासातल्या सात फाशीच्या तख्तांचे आकार एकात एक गुंतवून. २०१२ मध्ये जर्मनीत कासेलला ‘डॉक्युमेंटा’ या कलाप्रदर्शनात ते लागलं तेव्हा लोक त्यावर चढले, बसले. कलाकाराचा हेतू फाशीच्या शिक्षेवर बोट ठेवण्याचा, त्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. मग मिनियापोलिसच्या वॉकर आर्ट सेंटर या संग्रहालयाने ते आपल्या शिल्पबागेसाठी घेतलं. त्या सातांमधलं एक तख्त मॅन्केटोचं होतं, जिथे २६ डिसेंबर १८६२ रोजी डकोटा या मूलनिवासी जमातीच्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं गेलं. मॅन्केटो त्याच मिनेसोटा राज्यात, आणि बागेची जमीन मुळात डकोटांची. तख्त उभं राहीपर्यंत एकाही डकोटा माणसाला विचारलेलं नव्हतं. कुंपणाबाहेर लोक जमले, जाळीवर फलक लागले.

पुढे जे घडलं ते असं. डकोटा वडीलधारी मंडळी, कलाकार आणि संग्रहालय एका टेबलाशी बसले. ड्युरँटने मान्य केलं की हे उतरवायचं, आणि कामाचे बौद्धिक हक्क त्याने डकोटांना देऊन टाकले, म्हणजे तो पुन्हा ते बांधणार नाही. डकोटांनीच ते लाकूड उतरवायला घेतलं. आधी जाळायचं ठरलं होतं. मग वडीलधाऱ्यांनी विचार बदलला, कारण त्यांच्याकडे अग्नी पवित्र, त्यात असलं लाकूड घालायचं नाही. शेवटी ते पुरायचं ठरलं, जागा बाहेर न सांगता. यावरही ‘ही सेन्सॉरशिप’ म्हणून ओरड झाली. सेन्सॉर वरून येतो, हुकूम घेऊन येतो. इथे ज्यांच्या पूर्वजांची फाशी होती त्यांनी समोरासमोर नाही म्हटलं आणि कलाकाराने ते ऐकलं. स्टुडिओत मी पोझ नाकारली तर त्याला कोणी सेन्सॉरशिप म्हणत नाही.

‘नाही म्हणायची सोय’ म्हणताना मी एक गोष्ट गृहीत धरते आहे, आणि सांतियागो सिएरा नावाचा स्पॅनिश कलाकार नेमकी तीच उखडतो. २००० साली सालामांकात त्याने हेरॉइनचं व्यसन असलेल्या चार वेश्यांच्या पाठींवर, सगळ्यांना ओळीने बसवून, १६० सेंटीमीटरची एक सरळ रेघ गोंदवली. मोबदला प्रत्येकीला १२ हजार पेसेता, हेरॉइनच्या एका डोसाएवढा. चौघींची संमती होती. व्हिडिओ झाला, संग्रहालयांत गेला. बाजू घेणारे म्हणतात, तो श्रमबाजाराचं वास्तव दाखवतो. पैशासाठी सगळेच अंग विकतात, सिएरा फक्त ते नागडं करतो. श्रमबाजाराचं वास्तव मला माझ्या पायाच्या बोटांपर्यंत माहीत आहे, त्यासाठी कोणाच्या पाठीवर रेघ ओढायची गरज नव्हती. मी नाही म्हटलं तर माझा एका दिवसाचा रोजगार जातो. त्या बायकांची त्या दिवशीची अवस्था काय होती? तिथे होकार विकतच घेतला होता. आणि टॅटू तिच्या पाठीवर राहतो, काम मात्र त्याच्या नावावर.

फोटोची गोष्ट आणखी वेगळी, कारण फोटोला बसावं लागत नाही. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात निपोमोला वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँगने एका बाईचे फोटो घेतले. ‘मायग्रंट मदर’ म्हणून तो फोटो तुम्ही शंभरदा पाहिला असेल. हात गालाशी, दोन पोरं खांद्यांवर तोंड लपवून. फोटो छापून आल्यावर तळावर अन्न पोहोचलं, तोपर्यंत ही बाई आपल्या पोरांना घेऊन पुढे गेलेली. तिचं नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, जगाला कळायला १९७८ उजाडलं. तेव्हा तिचं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं. ती वैतागलेली होती. म्हणाली, माझं नावही विचारलं नाही, मला त्यातून एक पैसा मिळाला नाही, फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. जिला सगळे गोऱ्या अमेरिकेची कष्टाळू आई समजत आले ती चेरोकी या मूलनिवासी जमातीची होती, हेही पुढे कळलं. लँगलाही या फोटोची रॉयल्टी नव्हती, तो सरकारी कामाचा फोटो, सगळ्यांच्या मालकीचा. सगळ्यांच्या, म्हणजे थॉम्प्सनबाई सोडून. मला त्या फोटोतली एक बारीक गोष्ट कायम छळते. खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता. चौकट बिघडते म्हणून लँगने तो पुढे निगेटिव्हवरून घालवून टाकला. पुसट भूत अजून दिसतं. एवढ्या करुणेने काढलेला फोटो, आणि अंगठा नको होता.

कायद्याकडे बघू नका, कायदा आमच्या बाजूचा नाही. फिलिप-लॉर्का डिकॉर्सिया या छायाचित्रकाराने टाइम्स स्क्वेअरमध्ये दिवे लपवून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नकळत चेहरे टिपले. त्यातल्या एका वृद्ध सनातनी ज्यू गृहस्थांनी खटला भरला. आपली प्रतिमा अशी विकणं धर्माविरुद्ध आहे, असं त्यांचं म्हणणं. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं, ही कला आहे, जाहिरात नव्हे, त्यामुळे परवानगी लागत नाही. विषय संपला.

आणि १८५० ची ती चित्रं. दक्षिण कॅरोलायनातल्या कोलंबियात जोसेफ झीली नावाच्या छायाचित्रकाराकडून हार्वर्डच्या लुई अगासी या निसर्गशास्त्रज्ञाने गुलामांचे डगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावरचे सुरुवातीच्या काळातले फोटो, काढून घेतले, काळी माणसं वेगळीच निर्माण झाली आहेत या आपल्या सिद्धांताला पुरावा म्हणून. रेंटी, त्याची मुलगी डीलिया, आणखी पाचजण. समोरून, बाजूने, उघडे. १९७६ मध्ये ते हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयाच्या माळ्यावर सापडले. मी डीलियाच्या चित्रात एक गोष्ट पाहिली, जी कदाचित मॉडेललाच दिसेल. आम्ही कपडे काढतो ते पडद्याआड, खुंटीवर टांगून, झगा गुंडाळून बाहेर येतो आणि प्लॅटफॉर्मवर झगा सोडतो. डीलियाचा पोशाख कमरेशी चोळामोळा होऊन अडकलेला आहे. म्हणजे ती कपड्यांत आली आणि तिथे, कॅमेऱ्यासमोरच, तो खाली ओढला गेला. तिने ओढला की कोणी ओढला, याने फार फरक पडत नाही.

कॅरी मे वीम्स या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावतीने १९९५-९६ मध्ये या प्रतिमा घेऊन मोठ्या केल्या, रक्तासारख्या लाल रंगात बुडवल्या आणि काचेवर अक्षरं कोरून त्या माणसांशी ‘तू’ म्हणून बोलली. तुझं काय काय केलं गेलं, ते तुलाच सांगत. हार्वर्डने तिला खटल्याची धमकी दिली. ती म्हणाली, चालेल, न्यायालयात याची चर्चा होऊच दे. खटला झाला नाही, आणि पुढे हार्वर्डनेच तिचं काम विकत घेतलं. वीम्सचं काम मला थोर वाटतं. तरी डीलिया पुन्हा एकदा भिंतीवर उघडीच आहे, यावर माझं समाधान होत नाही. काचेवरची अक्षरं तिच्या अंगावर येतात पण अंग झाकत नाहीत.

२०१९ मध्ये रेंटीच्या वंशज असल्याचं सांगणाऱ्या टमारा लनियर यांनी हार्वर्डवर दावा लावला, आमच्या पूर्वजाचं चित्र आम्हाला द्या. २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकी नाकारली, पण मानसिक त्रासाबद्दल दावा चालवायला मुभा दिली. २०२५ मध्ये तडजोड झाली. ती चित्रं चार्ल्सटनच्या आंतरराष्ट्रीय आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयाकडे सोपवायचं ठरलं, त्याच राज्यात, जिथे ती माणसं गुलाम होती. आता ती दाखवायची की झाकून ठेवायची हे तिथे ठरेल. मला विचाराल तर डीलियाचं झाकून ठेवावं. मला कोणी विचारणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

असं कुठे काही नीट होतं का? लटोया रूबी फ्रेझर या छायाचित्रकार बाईचं काम बघा. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडॉक या पोलादाच्या कारखान्याच्या गावात तिने आपल्या आईचे आणि आजीचे फोटो वर्षानुवर्षं काढले. आजारपण, बिछाने, ड्रेसिंग टेबल. काही फोटोंत कॅमेरा आईच्या हातात आहे, आणि लेक तसं सांगते, आई सहलेखक आहे म्हणते. पुढे फ्लिंटमध्ये शिशाने नासलेल्या पाण्यावर तिने काम केलं, तेव्हा ती एका कुटुंबातल्या तीन पिढ्यांच्या बायकांबरोबर राहिली, आणि फोटोंच्या विक्रीचे पैसे हवेतून पाणी काढणारं अवाढव्य यंत्र तिथे आणण्यासाठी लावले. फोटो चांगले आहेत म्हणून यंत्र आलं की यंत्र आलं म्हणून फोटो चांगले वाटतात, यावर समीक्षकांनी खुशाल भांडावं. लोकांना पाणी मिळालं.

अलीकडे मी बसायला होकार देण्याआधी विचारते. शीर्षक काय देणार? ते बदललं तर कळवणार का? कुठे लावणार? चेहरा ओळखू येईल का? मुलं-मुली बिचारी गडबडतात, मग नीट उत्तरं देतात. ‘ताई, शीर्षक तुम्हीच सुचवा’ असंही एकीने म्हटलं. ते मी नाकारलं, कारण ते तिचं काम आहे, मी काय चित्र काढते का? एका मुरलेल्या चित्रकारांना मात्र राग आला. म्हणाले, “मॉडेल अटी घालायला लागली तर उद्या स्टिल लाइफमधलं सफरचंदही अटी घालेल.”

मी म्हटलं, “सफरचंदाला तुम्ही दुःखी म्हणत नाही, सर.”

त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. दुसऱ्या एका चित्रकार बाईंनी अटी लिहून सही करून दिल्या. शीर्षक दोनदा बदललं तेव्हा दोनदा फोन केला.

राहिली विक्री. फ्रान्समध्ये १९२० पासून चित्र पुन्हा विकलं गेलं की किमतीतला वाटा चित्रकाराला, आणि त्याच्या मागे वारसांना मिळतो. आता युरोपात इतरत्रही तसा कायदा आहे. व्हिक्टोरीन मरां, जी एद्वार माने या फ्रेंच चित्रकाराच्या ‘ऑलिंपिया’त त्या बिछान्यावर पडून तुमच्याकडे बघते, ती स्वतः चित्रकार होती. १८७६ च्या सलोनमध्ये तिचं चित्र घेतलं आणि मानेची नाकारली. तिला वाटा मिळालाच असता तर तिच्या स्वतःच्या चित्रांवर. ऑलिंपियावर नाही. तिने तिथे जी नजर दिली आहे ती मानेला दुसऱ्या कोणाकडून मिळाली असती का, हे कोणत्याही कायद्याला विचारता येत नाही. मॉडेलला पुनर्विक्रीत वाटा ही अट मी अजून कागदावर घातलेली नाही. पुढच्या कामाच्या वेळी घालणार आहे, बाईंना आधी फोन करून सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, “विकलं गेलं तर ना!”